भाऊंची गाडी आणि शालीचा साबण

भाऊंच्या लाँड्रीत माणसं नावाने नव्हे, कपड्यांनी ओळखली जात. "निळी चौकडी येऊन गेली का?" असं भाऊंनी विचारलं, तर समजावं की बँकेतल्या साहेबांची चौकशी चालली आहे. "पिवळी कॉलर" म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. त्यांची कॉलर कितीही घासा, पिवळीच राही, आणि तो डाग घामाचा नसून स्वभावाचा आहे असं भाऊंचं ठाम मत होतं. स्वतःच्या जावयाला तर लग्नानंतर पहिलं वर्षभर ते मनातल्या मनात "सिंथेटिक" म्हणत. दिसायला चकचकीत, अंगावर एक सुरकुती नाही, पण जरा गरम शब्द लागला की आक्रसणारा.

भाऊंनी जन्मभर इस्त्रीच केली. वडिलांनी कोळशाची इस्त्री पुढ्यात ठेवली तेव्हा ती त्यांना दोन्ही हातांनी उचलत नव्हती. पुढे विजेची आली, मग वाफेची, आणि आता दुकानाच्या मधोमध मोठी प्रेस बसली होती. तिच्याकडे भाऊ थोरल्या भावाकडे बघावं तसे बघत. सकाळी देवाला हात जोडून झाले की दुसरा नमस्कार प्रेसला. देवालाही त्यात काही वावगं वाटत नसावं, कारण प्रेस कधी बिघडली नाही.

धुणं मात्र सगळं वहिनींकडे. वहिनी म्हणजे भाऊंच्या पत्नी, पण अख्खी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. मागच्या खोलीतली यंत्रं, हौद, साबणाचे डबे, डाग काढायच्या बाटल्या, हे सगळं त्यांचं राज्य. तिथे भाऊंना प्रवेश होता तो फक्त ओला गठ्ठा उचलण्यापुरता. त्यामुळे लाँड्रीत केस पांढरे झाले तरी कोणता साबण कशाला लागतो हे भाऊंना धड ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच तर ते हात झटकून म्हणत, "ओला कपडा हा माझा विषय नाही."

भाऊंचा विषय होता इस्त्री, आणि दुसरा विषय होता गाडी.

गाडी डिझेलवर चालणारी, लांब पाठीची, आणि जुनी. किती जुनी? तर सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराकडे भाऊ गेले की तो आधी हळूच विचारी, "आहे अजून?" आजारी नातेवाइकाची चौकशी करावी तशा आवाजात. मागच्या सीटा काढून टाकून भाऊंनी तिथे टोपल्या ठेवायला जागा केली होती. तळ्याकाठच्या गेस्ट हाउसच्या चादरी, दवाखान्याचे कोट, सगळं याच गाडीतून जाई आणि येई. त्यांची लेक तान्ही असताना रडायला लागली की तिला मागे गरम चादरींच्या टोपलीत ठेवायचे आणि गाडी गल्लीतून एक फेरी मारून आणायची. इंजिनाच्या घरघरीने पोर अशी झोपी जाई की उतरवून घेताना लोकांना वाटे, धुतलेल्या कपड्यांतून मूल निघालं.

वहिनींनी मात्र गाडीचं नाव ठेवलं होतं "सवत". "आधी सवतीला पाणी पाजा, मग चहा मागा." "सवतीला खोकला झालाय, तुम्ही कशाला जेवताय?" भाऊ काही बोलत नसत. जेवत असत.

शपथेचं प्रकरण असं झालं. लेकीने नवं घर घेतलं, तिकडे दोघांना जेवायला बोलावलं. वहिनींनी ठेवणीतले कपडे काढले, नवी चप्पल घातली. लेकीच्या घराजवळच्या मोठ्या चौकात गाडीने एक उसासा टाकला आणि ती गप्प झाली. मग भाऊ आत बसून स्टिअरिंग धरणार आणि वहिनी मागून ढकलणार असा कार्यक्रम झाला. एका हवालदाराने हात लावला, एका आइसक्रीमवाल्यानेही लावला, पण त्याचं लक्ष आपल्या गाड्याकडेच होतं. जावई वर गॅलरीत उभा राहून हे सगळं बघत होता. त्याने मोबाइलवर फोटो काढला नाही हा त्याचा चांगुलपणा.

जेवणाच्या टेबलावर वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर परवडलं असतं. शेवटी भाऊंना ती शांतता सोसवेना. हातातला घास तसाच ठेवून ते म्हणाले, "पुन्हा एकदा जरी ती रस्त्यात बंद पडली ना, तर माझ्या हाताने भंगारात देईन. शपथ."

"कुणाची शपथ?" वहिनी पाण्याचा पेला खाली न ठेवता म्हणाल्या.

"माझी."

"तुमची नको. तुम्ही स्वतःला सवलत देता. प्रेसची घ्या."

भाऊ ठेवलेला घास पुन्हा उचलायला गेले. पण लेक बघत होती, जावई बघत होता. भाऊंनी प्रेसची शपथ घेतली.

त्यानंतर गाडी बरेच दिवस शहाण्यासारखी वागली. भाऊ रोज किल्ली लावायच्या आधी डोळे मिटून देवाचं नाव घेत, मग डॅशबोर्डवर हात फिरवत, आणि गाडी सुरू झाली की मागे वळून वहिनींकडे बघत. वहिनी दुसरीकडे बघत.

मग एका बुधवारी, गेस्ट हाउसच्या चादरी पोचवून परत येताना, पोस्टाच्या वळणावर भाऊंना तापमानाचा काटा वर सरकताना दिसला. त्यांनी वेग कमी केला. काटा वरच. त्यांनी खिडकी उघडली. काट्याला त्याचं काय! बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली, अगदी प्रेसमधून येते तशी, आणि क्षणभर भाऊंना जुन्या सवयीने वाटलंही की आता कॉलर दाबावी. मग त्यांनी गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली.

पोस्टातून दोघेजण बाहेर आले, ढकलत ढकलत गाडी लाँड्रीच्या दारात आणून सोडली आणि वर वहिनींना सांगितलंही, "वहिनी, पडली बघा बंद!" चांगलं काम केल्यावर लोकांना वर तोंड उघडायचा मोह आवरत नाही.

वहिनी हात पुसत दारात आल्या.

"ती बंद पडली नाही," भाऊ घाईघाईने म्हणाले. "मी बंद केली. दोन्हींत फरक आहे."

"हो ना. माणूस गेला नाही, त्याने श्वास घ्यायचं बंद केलं."

"अगं, काटा वर गेला म्हणून मी आपण होऊन..."

"प्रेसकडे बघून सांगा."

भाऊंनी प्रेसकडे बघितलं. प्रेस फुस्स करून वाफ सोडत होती. वहिनींनी फोन उचलला आणि भंगारवाल्याला सांगितलं, शनिवारी सकाळी या, आणि येताना ओढायची गाडी आणा, स्वतःच्या पायांनी ती कुठे यायची नाही.

त्या संध्याकाळी जावई ऑफिसातून परस्पर आला. त्याने बाह्या दुमडल्या, बॉनेट उघडलं आणि मोबाइलचा उजेड आत टाकला. गाडी गार झाली होती. पाण्याच्या टाकीचं झाकण त्याने फिरवलं आणि तो म्हणाला, "बाबा, हे काय आहे?"

टाकीत पाणी नव्हतंच. होतं ते दाट, तपकिरी, मऊसूत, मलईसारखं. वर साय धरलेली.

भाऊ वाकले. निरखलं. मग सावकाश वहिनींकडे वळले. "अगं, तू कॉफीचा कप घेऊन इथे उभी होतीस सकाळी."

"मग?"

"नाही, भांडताना तुझा हात हलतो."

"मी माझी कॉफी तुमच्या गाडीच्या टाकीत ओतली?"

"ओतली नसशील. सांडली असेल."

आणि खात्री करून घ्यावी म्हणून भाऊंनी त्यात बोट बुडवलं आणि ते तोंडाकडे न्यायला लागले. वहिनींनी हातावर असा फटका मारला की तो तपकिरी ठिपका उडून जावयाच्या शर्टवर बसला. पांढरा शर्ट. सिंथेटिक.

"तेल आहे," वास घेऊन वहिनी म्हणाल्या. डागांच्या बाबतीत त्यांचं नाक चुकत नसे. "पाण्यात तेल मिसळून घुसळलंय. याला भाकरी लावून खाणार होतात?"

जावयाने मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले आणि चेहरा पाडला. "हेड गॅस्केट गेलं, बाबा. इंजिन उघडावं लागणार. या वयाच्या गाडीला ते करा असं कुणी सांगणारही नाही." तो जरा हळू आवाजात म्हणाला, आणि ते खरंच वाईट वाटून म्हणाला. पण भाऊंना त्यातलं "या वयाच्या" एवढंच ऐकू आलं, आणि त्यांनी शर्ट काढून ठेवा, धुऊन देतो, असंही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी मिस्त्रीला आणलं. वहिनी म्हणाल्या, शनिवारपर्यंत काय करायचं ते करा, मी आडवी येत नाही. भाऊंचा हिशोब साधा होता. शनिवारी भंगारवाल्यासमोर गाडी ठणठणीत सुरू झाली, तर वहिनींचं मन पाघळेल. शपथेचं काय करायचं ते मात्र त्यांना सुचत नव्हतं. देवाधर्माचं माणूस, शपथ मोडायची तर जीभच रेटेना. म्हणून त्यांनी तो विचार घडी घालून बाजूला ठेवला होता.

मिस्त्रीचा चेहरा असा की त्याच्याकडे नुसती चाकात हवा भरायला गेलं तरी वाटावं, घरच्यांना बोलावून घ्यावं. तो गाडीभोवती हळूहळू फिरला. वाकला. उसासा सोडला. मग म्हणाला, "फडकं द्या."

कुणी हललं नाही. लाँड्रीत जमिनीपासून छतापर्यंत कापडच कापड, पण त्यातलं प्रत्येक कापड कुणाचं तरी. निळ्या चौकडीला हात लावता येत नाही, दवाखान्याच्या कोटाला तर नाहीच. शेवटी भाऊंनी खिशातला स्वतःचा रुमाल दिला, कडक इस्त्रीचा, आणि तोंड फिरवून घेतलं. मिस्त्रीने तेल मोजायची पट्टी इंजिनातून उपसली, रुमालावर पुसली, पुन्हा बुडवून काढली, मग गाडी क्षणभर सुरू करून धूर आणि टाकी बघितली.

"तेल काळं आहे. पण त्यात पाणी नाही." त्याने हे अशा आवाजात सांगितलं की भाऊंनी खुर्चीच धरली.

"म्हणजे वाईट?"

"म्हणजे बरं." मिस्त्रीचा चेहरा तसाच. "हेड गॅस्केट गेलं असतं तर धूर पांढरा झाला असता, टाकीत हवेचे बुडबुडे उसळले असते. तसं काही नाही. ऑइल कूलर गेलाय."

"ते काय असतं?" वहिनी मागच्या खोलीच्या दारातूनच विचारत्या झाल्या. मी आडवी येत नाही, पण ऐकणार नाही असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या.

"वहिनी, इंजिनाचं तेल तापतं. त्याला गार करायला एक चपटा डबा असतो. आत एका बाजूने तेल वाहतं, दुसऱ्या बाजूने पाणी. मध्ये पातळ पत्रा, कडेला रबरी सील. सील कुजलं. तेलाला जोर जास्त, म्हणून तेल पाण्यात घुसलं. पाण्याची तेलात जायची टाप नाही."

"असंच असतं घरोघरी," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

मिस्त्रीने शुक्रवारी नवा कूलर बसवला. तेलाने फुगून मऊ पडलेले रबरी पाइप काढून टाकले आणि तात्पुरते दुसरे लावले. पाणी सगळीकडे फिरावं म्हणून ते अडवणारा थर्मोस्टॅटही काढून ठेवला. मग हात पुसत म्हणाला, "आता आतली सगळी घाण धुऊन काढायची. रेडिएटर, हीटर, सगळीकडे ती मलई बसलीये. ती राहिली तर गाडी पुन्हा तापणार. पाण्यात साबण घालायचा, इंजिन चालू ठेवायचं, गार झालं की सोडून द्यायचं. पाणी नितळ येईपर्यंत तेच तेच. हे मी करत नाही. माझ्या कमरेला सोसत नाही. आणि तुमची तर लाँड्रीच आहे."

"कसला साबण?" भाऊंनी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. लाँड्रीवाल्याने मिस्त्रीला साबण विचारायचा म्हणजे फारच झालं. आणि वहिनींना विचारायचं म्हणजे त्याहून झालं.

शनिवारी उजाडताच भाऊंनी देवापुढे हात जोडले. "देवा, माझ्यासाठी मागत नाही. गेस्ट हाउसच्या चादरींसाठी मागतो." मग ते पाय न वाजवता मागच्या खोलीत शिरले. डब्यांची रांग होती. एकावर कडक, एकावर खरखरीत असं वहिनींनी खडूने लिहिलं होतं. भाऊंनी विचार केला. गाडी म्हातारी. तिला कडक कसं सोसेल? त्यांनी शेवटचा डबा उचलला. त्यावर लिहिलं होतं, शाली. लोकरीसाठी, मऊ, सुगंधी, सगळ्यांत महाग. नात्यातल्या माणसाला द्यावा असा साबण. शालीला झाकणभर लागतो एवढं त्यांनी कधी तरी बघितलं होतं. गाडी शालीपेक्षा मोठी आहे हे तर उघड होतं. त्यांनी मनापासून ओतला.

मग ते गाडीत बसले, हात जोडले आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. भाऊंना रडू यायचंच बाकी होतं.

आधी फक्त वास आला. गुलाबाचा. मग टाकीच्या तोंडातून एक पांढरा गोळा हळूच वर आला, इकडे तिकडे बघितल्यासारखा डुलला आणि फुगतच गेला. त्याच्यामागून दुसरा. बॉनेटच्या दोन्ही बाजूंनी फेस उतू जायला लागला. भाऊंना वाटलं, निघतेय घाण, चांगलं आहे, आणि त्यांनी पाय आणखी जरा दाबला.

फेस लाँड्रीच्या पायरीवर चढला. गटार ओलांडून गेला. समोरचं मांजर आधी त्याच्याकडे तुच्छतेने बघत बसलं होतं, मग तेच त्यात दिसेनासं झालं आणि दुसऱ्या बाजूने वेगळ्याच रंगाचं होऊन पळालं. सायकलवरून जाणारे पेपरवाले काका एका टोकाने फेसात शिरले. बाहेर आली ती नुसती सायकल. काका मागून चालत आले. न्हाव्याच्या दुकानातलं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक गलका ऐकून बाहेर धावलं आणि पुन्हा आत गेलं तेव्हा न्हाव्याला कळेना, यातला आपला फेस कुठला आणि भाऊंचा कुठला. पिवळी कॉलर, म्हणजे मुख्याध्यापक, रस्त्याच्या कडेला थांबून ओरडत होते, "हे काय चालवलंय?" तर फेसाचा एक लोट त्यांच्या गळ्यापाशी येऊन बसला. नंतर गल्लीत सगळे म्हणाले, त्या दिवशी कॉलर थोडी उजळली होती.

"बंद करा!" आतून आवाज आला. भाऊंनी किल्ली फिरवली.

वहिनी दारात उभ्या होत्या. गुडघ्यापर्यंत फेस. त्यांनी ओंजळभर उचलला, हुंगला, बोटांमध्ये चोळला.

"शालीचा?"

भाऊ गाडीतून उतरले नाहीत. काच अर्धी वर घेतली.

"शालीचा साबण? तेलाला?" वहिनींचा आवाज चढला नव्हता. तो खाली गेला होता, आणि तेच वाईट. "आपल्या दुकानाच्या दारात, सगळ्या गल्लीदेखत, तेलाच्या डागाला शालीचा साबण? लोक काय म्हणतील? लाँड्रीवाले म्हणे!"

"मऊ असतो म्हणून..."

"तेलाला मऊपणा काय कामाचा? तेल तुमच्यासारखं असतं. गोड बोलून हलत नाही."

त्यांनी टाकीत डोकावून बघितलं. फेस बसत चालला होता आणि खाली मलई जशीच्या तशी होती, वर थोडी चमकलेलीच. वहिनींच्या कपाळावरची शीर उठली. ही शीर भाऊ ओळखत होते. दवाखान्याच्या कोटावरचा आयोडीनचा डाग दोन धुण्यांत गेला नव्हता, तेव्हा ती उठली होती. त्यानंतर वहिनी दुपारी जेवल्या नव्हत्या, पण डाग गेला होता.

"बाजूला व्हा," वहिनी म्हणाल्या आणि पदर खोचला.

आधी त्यांनी नुसत्या पाण्याने सगळा शालीचा साबण काढून टाकला. मग यंत्रात वापरायची भुकटी आणली, जी मुळी फेसच करत नाही. ती गरम पाण्यात विरघळवून टाकीत ओतली. "चालू करा. हीटर पूर्ण लावा. मिस्त्री म्हणाला ना, हीटरमध्येही बसलीये? मग तिथूनही पाणी फिरायला पाहिजे. काचा वर घ्या."

"उकडतंय गं."

"डागाला विचारा त्याला उकडतं का."

तेव्हाच भंगारवाला आला. गोलमटोल, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. ओढायची गाडी उलटी घेत त्याने लाँड्रीच्या दाराशी लावली, साखळीचा आकडा खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "नमस्कार वहिनी. आज काय, आंघोळ घालून पाठवणी?"

भंगारवाला खाली बसून आकडा लावायला लागला.

"हात काढा," वहिनी म्हणाल्या.

"अं?"

"मळकी वस्तू या दुकानातून बाहेर जात नाही. गिऱ्हाईक भांडलं तरी जात नाही. पैसे बुडाले तरी जात नाही."

"वहिनी, मी ती कापणार आहे."

"कापा. पण धुतल्यावर."

भंगारवाल्याने भाऊंकडे बघितलं. भाऊ काचेच्या आत घामाने निथळत होते. मग त्याने मुकाट्याने आकडा काढला आणि दाराशी टाकलेल्या स्टुलावर जाऊन बसला.

पहिलं पाणी सोडलं ते चहासारखं. वहिनींनी ते काचेच्या पेल्यात घेऊन पांढऱ्या चादरीसमोर धरलं आणि नाक मुरडलं. दुसरं पाणी गढूळ. पुढचं दुधाळ. प्रत्येक वेळी इंजिन गार होईपर्यंत थांबायचं, पाणी सोडायचं, पुन्हा भरायचं. दरम्यान भंगारवाल्याला चहा झाला, जेवण झालं, आणि त्याच्या सदऱ्यावरचा ग्रीसचा डाग बघवेना म्हणून वहिनींनी तो सदराही उतरवून घेऊन धुवायला टाकला. तो बिचारा दवाखान्याचा, धुवायचा राहिलेला पांढरा कोट घालून बसला. येणाऱ्या दोन गिऱ्हाइकांनी त्याला गुडघ्याचं दुखणंही सांगितलं, आणि त्याने बर्फ लावायला सांगितलं.

कलत्या उन्हात वहिनींनी पेला पुन्हा चादरीसमोर धरला आणि धरूनच ठेवला. पाण्यातून चादरीचे धागे मोजता येत होते.

"निघाला," त्या म्हणाल्या. एवढंच. पण म्हणताना चेहरा असा उजळला की भाऊंना लग्नाची आठवण झाली.

मिस्त्री आला, थर्मोस्टॅट बसवला, नवे पाइप जोडले, टाकीत हिरवं कूलंट भरलं. "बघू," तो म्हणाला, कुणी शेवटच्या भेटीला आल्यासारखा. भाऊंनी गाडी सुरू केली. काटा मध्यावर गेला आणि तिथेच बसून राहिला. इंजिन घरघरत होतं, एकसुरात, मांजरासारखं. भंगारवाला कोट सावरत जवळ आला, कान लावला, आणि त्याचे डोळेच बदलले.

"वहिनी, हिला कापत नाही मी. पाप लागेल. मेव्हण्याला देतो. त्याला कोंबड्या न्यायला अशीच गाडी हवी होती."

"कोंबड्या?" वहिनी म्हणाल्या.

"शंभरेक बसतील मागे."

वहिनींनी गाडीकडे बघितलं. दिवसभर धुतलेली, गुलाबाचा अजून मंद वास येत असलेली. मग त्यांनी भंगारवाल्याकडे बघितलं, आणि तो एक पाऊल मागे सरला.

पण भाऊ पुढे आले. त्यांनी इंजिन बंद केलं होतं, किल्ली तळहातावर ठेवली होती आणि डोळे मिटले होते. घडी घालून ठेवलेला विचार आता उलगडायलाच हवा होता. "शपथ ती शपथ," ते म्हणाले. "प्रेसची घेतलीये. देवाला काय तोंड दाखवू? माझ्या हाताने देईन म्हणालो होतो. घ्या." भंगारवाल्याने हात पुढे केला.

किल्ली उचलली ती वहिनींनी.

"शपथ तुमच्या हाताची होती ना? मग तुमच्या हातात आता काय आहे? काही नाही. द्या काय द्यायचं ते." त्यांनी किल्ली कमरेला खोचली. "माझ्या हाताने मी कुणाला शब्द दिलेला नाही."

भाऊंनी डोळे उघडले. रिकाम्या हाताकडे बघितलं. मग एकदम काही सुचल्यासारखं ते कोपऱ्यात धावले आणि मिस्त्रीने काढून टाकलेला जुना ऑइल कूलर उचलून दोन्ही हातांनी भंगारवाल्याला दिला. "हा घ्या. रस्त्यात बंद पाडणारा हाच. माझ्या हाताने दिला, भंगारात दिला." आणि लगेच मागे वळून प्रेसला नमस्कार केला.

भंगारवाला कूलर काखोटीला मारून, धुतलेला सदरा घालून, ओढायची गाडी रिकामीच घेऊन गेला. वाटेत त्याला दोन ठिकाणी डॉक्टर म्हणून हाक आली असं म्हणतात.

सोमवारी सकाळी भाऊंनी चादरींच्या टोपल्या भरल्या आणि मागच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"किल्ली देतेस?"

"हात बघू."

त्यांनी हात दाखवले, दोन्ही बाजूंनी.

"टोपल्या उचलल्यात ना? धुऊन या."

भाऊ हात धुऊन आले. वहिनींनी हात हुंगले, चपला गाडीत नकोत म्हणून दाराबाहेर काढायला लावल्या, आणि मग किल्ली दिली. गाडीच्या सीटवर कडक इस्त्रीची पांढरी चादर अंथरलेली होती. "टेकून बसू नका. घडी मोडेल," वहिनी म्हणाल्या. "आणि परत आलात की लगेच इथे आणून द्यायची."

गल्लीतल्या लोकांनी पाहिलं ते असं, की भाऊ अनवाणी, पाठ काठीसारखी ताठ करून, सीटच्या पाठीला पाठ न लावता गाडी चालवत तळ्याकडे निघाले आहेत. न्हाव्याने दारातून विचारलं, "काय भाऊ, वाचली म्हणायची गाडी?"

"वाचली," भाऊ मान न वळवता म्हणाले. "मला मधूनमधून चालवायला देते तुमची वहिनी."